विजापूरला जाताय? गोल घुमट दुसऱ्या दिवशी पाहा

भीमाकाठ

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर. तरी आपल्याकडची बहुतेक कुटुंबं पंढरपूर-अक्कलकोट करताना उरलेल्या दिवसात विजापूर उरकतात. सकाळी दहाला गोल घुमट, वर गॅलरीत हाका मारायच्या, मग मुलुखमैदान तोफेपाशी फोटो, वेळ उरलाच तर इब्राहिम रोजा, आणि चारच्या आत गाडी परतीच्या रस्त्याला. मला हे पाहून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. एक मुक्काम करा. आणि जमलं तर गोल घुमट पहिल्या दिवशी पाहूच नका.

कारण सांगतो. आदिलशाही १४९० च्या सुमारास सुरू झाली आणि १६८६ मध्ये संपली. जवळजवळ दोनशे वर्षं. गोल घुमट हे मुहंमद आदिलशहाचं थडगं, आणि तो गेला १६५६ मध्ये. म्हणजे ही इमारत राज्याच्या शेवटच्या टप्प्यातली आहे. सुरुवात तिथून केली की नंतर सगळं लहान वाटायला लागतं. जामा मशिदीत शिरल्यावर लोक म्हणतात, "हे तर बुटकंच आहे." त्या मशिदीचा घुमट पाहून पुढच्या दोन पिढ्यांनी काय काय धाडस केलं, हे समजायचं असेल तर शहर साधारण ज्या क्रमाने बांधलं गेलं त्याच क्रमाने पाहावं.

पहिल्या दिवशी सकाळी आर्किल्ला, म्हणजे शहराच्या मधोमध असलेला जुना बालेकिल्ला. त्याची तटबंदी आता तुकड्यातुकड्यांत उरली आहे, मधे सरकारी कचेऱ्या आहेत, रस्ते आहेत, त्यामुळे किल्ल्यात आहोत हे लक्षातच येत नाही. तिथे करीमुद्दीनची मशीद शोधा. १३२० ची आहे, आदिलशाहीच्याही पावणेदोनशे वर्षं आधीची. खांब मंदिरांचे आहेत, चालुक्य काळातल्या घडणीचे. विजापूर हे आदिलशाहीच्या खूप आधीपासूनचं गाव आहे, ते या खांबांपाशी उभं राहिलं की कळतं. गोल घुमटाला येणाऱ्या गर्दीतले फारच थोडे इथवर येतात.

तिथून चालत गगन महाल. १५६१ चा, पहिल्या अली आदिलशहाने बांधलेला दरबार. वरचा मजला, छत, लाकूडकाम सगळं गेलंय. उरली आहे ती समोरची कमान, अठरा मीटरांहून रुंद. सिकंदर आदिलशहाला, म्हणजे शेवटच्या सुलतानाला, शरणागतीनंतर औरंगजेबापुढे इथेच उभं केलं असं सांगतात. दरबाराच्या आत उभे राहून त्या कमानीतून बाहेर बघा, मग बाहेर मैदानात जाऊन आत बघा. बसणारा आणि बघणारा यांच्यात एकही खांब येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केलेला आहे.

मग जामा मशीद. हीसुद्धा पहिल्या अलीचीच. १५६५ च्या, विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईनंतर हातात आलेल्या पैशातून तट, मशीद, पाणी अशी कामं एकदम निघाली. मशिदीत शिरल्यावर पांढऱ्या कमानींची रांग आणि सावली, बस. सजावट जवळजवळ नाही. अपवाद फक्त पश्चिमेच्या भिंतीतल्या मिहराबीचा, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा. तिच्यावरचं सोनेरी आणि रंगीत काम नंतर १६३६ मध्ये मुहंमद आदिलशहाच्या काळात झालं. फरशीवर नमाजाच्या जागांचे दोन हजारांवर चौकोन आखलेले आहेत, ते औरंगजेबाच्या काळातले.

दुपार कलली की इब्राहिम रोजा. शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेर. याबद्दल मी लिहायला बसलो तर धागा संपणार नाही, म्हणून एवढंच सांगतो: दोन तास द्या. एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५८० ते १६२७) आधी राणी ताज सुलतानसाठी काम काढलं, पुढे तो स्वतःही तिथेच विसावला. मलिक संदल या माणसाने ते करवून घेतलं आणि त्याचं नाव तिथे कोरलेलं आहे. खिडक्यांच्या जाळ्या जवळून पाहा. नक्षी वाटते ती अक्षरं आहेत, दगडाच्या पातळ फळ्या कापून काढलेली, आणि उजेड त्या अक्षरांच्या मधून आत येतो. आतल्या दालनाचं छत सपाट आहे, दगडी आहे, आणि मधे एकही आधार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गोल घुमट. त्यानंतर असर महाल (मुळात न्यायदानाचा वाडा), मेहतर महाल, मुलुखमैदान, उपळी बुरूज (टेहळणीचा उंच बुरूज). सगळ्यात शेवटी बारा कमान.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला. ज्यांना जायचंय त्यांनी विचारा.

कोरांटी

फार छान लिहिलंय. आम्ही डिसेंबरात जायचं ठरवतोय. मी, नवरा, दोन मुली (नऊ आणि तेरा) आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, पण इतिहासाची भयंकर आवड. त्यांना न चढता काय काय पाहता येईल? घुमटाच्या वर नेणं शक्य आहे का?

भीमाकाठ

कोरांटीताई, वर नेऊ नका. चारही कोपऱ्यांवर सात मजली मनोरे आहेत, जिने त्यांच्यातूनच जातात. दगडी, अरुंद, पायऱ्या उंच, आणि वरून उतरणारी माणसं अंगावर येतात. धडधाकट माणूसही मधे थांबतो.

पण खालचं दालन बघणं हेच मुळात मोठं आहे आणि त्याला जिना लागत नाही. सकाळी लवकर आत जाऊन मधल्या चौथऱ्यालगत बसा. आतला चौरस एका बाजूने साधारण एकेचाळीस मीटर आहे आणि मधे एकही खांब नाही. त्यांना सांगा, नजर भिंतीवरून हळूहळू वर न्या, चौकोनाचं वर्तुळ कुठे होतं ते शोधा. माझ्या आत्याला मी असंच बसवलं होतं. आम्ही वर जाऊन आलो तरी तिला उठायचं नव्हतं.

चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात. मुहंमद आदिलशहाबरोबर त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची प्रिय नर्तिका, सगळे एका ओळीत.

रोज्याला चौथऱ्यापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत, हात धरून होतील. जामा मशीद, असर महाल, ताज बावडी (म्हणजे मोठी बांधीव विहीर), काही अडचण नाही. उपळी बुरुजावर मात्र नाही. बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या उघड्या पायऱ्या आहेत.

चुनावीट

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे "चौकोनाचं वर्तुळ कुठे होतं" या वाक्यावर थांबलोच. थोडं सविस्तर लिहितो. हे डोक्यात ठेवून पाहिलं तर घुमट वेगळाच दिसतो.

घुमटाचं वजन सरळ खाली येत नाही, ते बाहेरच्या बाजूला रेटतं. घुमट जितका मोठा, तितका हा रेटा मोठा, आणि भिंती बाहेर झुकायला लागतात. हा रेटा थोपवायला जगभर वेगवेगळे उपाय झालेत: भिंती प्रचंड जाड करणं, शेजारी अर्धघुमट टेकवणं, साखळ्या गुंडाळणं. विजापूरकरांनी काय केलं? खोलीच्या चारही बाजूंना कमानी उभारल्या, पण त्या दोन चौरसांवर आखल्या, एक सरळ आणि एक पंचेचाळीस अंशांत फिरवलेला. त्यामुळे आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्या मधल्या भागातून दगडकाम आतल्या बाजूला झुकत झुकत एक कडं तयार होतं. खालून वर बघाल तर हे छेद स्वच्छ दिसतात.

आता खरी गंमत. हे कडं खोलीच्या आत खूप पुढे आलेलं आहे. त्याच्या आतल्या काठापाशी मोकळं वर्तुळ साधारण तीस मीटर व्यासाचं उरतं. पण घुमट त्या काठावर बसवलेला नाही. तो मागे सरकवून बसवलाय. आतून त्याचा व्यास अडतीस मीटरच्या आसपास भरतो, बाहेरून चव्वेचाळीस. काठ आणि घुमट यांच्यामधे जी जागा उरली तीच आपली कुजबुजती गॅलरी. म्हणजे गॅलरी हा नंतर सुचलेला सज्जा नाही. आत झुकलेल्या त्या सगळ्या दगडकामाचं वजन आतल्या बाजूला ओढतं, घुमट बाहेरच्या बाजूला रेटतो, आणि दोघं एकमेकांना आवरून धरतात. गॅलरीत उभं असताना आपण या दोन ओढींच्या मधोमध उभे असतो.

घुमट स्वतः विटांचा आहे, चुन्यात बांधलेला, बुडाशी जाडी तीन मीटर. आत पोलाद नाही, साखळी नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली.

जामा मशिदीच्या घुमटाखाली हीच छेदणाऱ्या कमानींची युक्ती लहान प्रमाणात आहे. म्हणून भीमाकाठ यांनी सांगितलेल्या क्रमाला माझं पूर्ण अनुमोदन. मशिदीत ती रचना नजरेच्या टप्प्यात असते, नीट समजून घेता येते. मग घुमटात गेलात की तीच ओळखीची रचना डोक्यावर प्रचंड होऊन येते.

ओढ्याकाठी

चुनावीट, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

क्रमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्याच सकाळी गोल घुमट दाखवावा. मुलांच्या मनात विजापूर म्हणजे तेच असतं, पुस्तकात चित्र पाहिलेलं असतं. पहिला दिवस पडक्या कमानी आणि मशिदींत घालवला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांचा उत्साह उरत नाही, आणि आईबापांचा वेळ मुलांना समजावण्यात जातो. आमच्या घरी हेच झालं. एकदा घुमट पाहून झाला की पोरं बाकीचं निवांत पाहतात.

भीमाकाठ

पटतंय. नऊ वर्षांच्या मुलीसाठी तुमचा सल्ला बरोबर आहे. मग असं करा: घुमटाला पहिल्या पहाटे आणि दुसऱ्या पहाटे, दोन्ही वेळा जा. पहिल्यांदा हाका मारायला आणि दुसऱ्यांदा गप्प बसायला. सकाळी लवकर उघडतो, आणि शाळांच्या सहलींच्या बसेस येईपर्यंतचा एक-दीड तास सोन्यासारखा असतो. नंतर वर इतका कल्लोळ असतो की कुजबूज सोडा, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. तो घुमट प्रत्येक आवाज पुन्हा पुन्हा परत करतो. शंभर जण एकदम ओरडले तर काय होणार?

कळकळीची विनंती आहे, वर गेलात तर ओरडू नका. एकाने गॅलरीच्या एका टोकाला भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, दुसऱ्याने बरोबर समोरच्या टोकाला भिंतीला कान लावायचा. मधलं अंतर अडतीस मीटर. घड्याळाची टिकटिक, कागद फाटल्याचा आवाजही पोचतो. मुली हे जन्मभर विसरणार नाहीत.

मंद्रसप्तक

इब्राहिम रोजाबद्दल दोन शब्द माझेही. तिथे जाण्याआधी त्या राजाविषयी थोडं वाचून जावं असं मला मनापासून वाटतं, कारण तो माणूस कळला की ती इमारत वेगळी वाटते.

दुसरा इब्राहिम संगीतात बुडालेला होता. त्याने दखनीत 'किताब-ए-नवरस' रचली. रागांनुसार मांडलेली गीतं आहेत आणि सुरुवात सरस्वतीच्या स्तुतीने होते. गणपतीही त्यात आहे, आणि गुलबर्ग्याचे सूफी संत पीर गेसूदराजही. त्याच्या तंबुऱ्याचं नाव मोतीखान आणि लाडक्या हत्तीचं आतिशखान, दोघंही गीतांत येतात. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे.

त्याने १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचं नवं शहरच वसवायला घेतलं. कलावंतांचं शहर व्हावं अशी इच्छा होती. १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने ते लुटलं, उद्ध्वस्त केलं, आणि ते पुन्हा उभं राहिलं नाही. तोरवी गावाजवळ आज त्यातला संगीत महाल उभा आहे. गगन महालासारखीच मोठी कमान, समोर हौद. शहरापासून जवळ आहे, रिक्षाने जाता येतं. पहिल्या दिवशी रोज्याच्या आधी तिथे अर्धा तास द्या. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा नकळत सा लावला होता. कोणी नव्हतं आसपास.

आर्किल्ल्यात खंदकाच्या बाजूला नरसोबाचं देऊळ आहे, दत्ताचं स्थान. इब्राहिमाचा आणि नृसिंहवाडीचा संबंध सांगणारी कथा तिथले भाविक सांगतात: त्याच्या मुलीचे डोळे वाडीच्या कृपेने बरे झाले म्हणून. कथा म्हणूनच ऐकावी, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना ती ऐकून तिथे पाय ठेवावासा वाटेल हे नक्की.

गडवाट

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न मनात येतो तो विचारतोच. आम्ही गड-किल्ले फिरणारी माणसं. आमच्या ग्रुपमधे विजापूरचं नाव काढलं की "अफजलखानाच्या शहरात काय बघायचं" असं उत्तर येतं. मला स्वतःला जायचंय. महाराजांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिथे नेमकं काय पाहावं?

भीमाकाठ

गडवाट, प्रश्न अगदी योग्य आहे. माझं उत्तर असं: महाराजांचा पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास ज्याला समजून घ्यायचाय त्याने विजापूर पाहायलाच हवं. कोणाशी झुंज होती, तिचा आकार केवढा होता, ते राजगड-प्रतापगडावरून एका बाजूने दिसतं. दुसरी बाजू इथे आहे.

शहाजीराजे १६३६ नंतर याच दरबारचे सरदार. १६४८ मध्ये त्यांना कैद करून विजापूरला आणलं, १६४९ मध्ये सुटका झाली. त्या वेळी गादीवर मुहंमद आदिलशहा होता आणि गोल घुमटाचं काम चालू होतं. त्या अर्धवट भिंती राजांनी पाहिल्या असणार, हे मला तिथे गेल्यावर दर वेळी जाणवतं.

मुलुखमैदान तोफ तर आपल्याच मुलखातली. १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीसाठी, मुहंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकामगाराने ओतली. तालिकोटला ती होती. मग परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली ती मुरार जगदेवाने. पुणं जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला असं ज्याच्याबद्दल सांगतात तोच हा. पंचावन्न टनांचं धूड परंड्याहून विजापूरपर्यंत, बैल आणि हत्ती लावून, कसं ओढत नेलं असेल याचा विचार करा. तोंडाशी आ वासलेलं श्वापद आहे आणि त्याच्या जबड्यात हत्ती. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली, तेव्हा सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची. विक्री रद्द झाली म्हणून ती आज बुरुजावर आहे.

संग्रहालयात आदिलशाही काळातली फर्मानं मिळाली तर थांबून बघा. फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी, अशी दुभाषी फर्मानं हा दरबार काढत असे. महसुलाचा कारभार मोठ्या प्रमाणावर मराठी माणसांच्या हातात होता.

आणि बारा कमान. मी ती शेवटी ठेवतो ते यासाठीच. ही दुसऱ्या अली आदिलशहाची कबर, कारकीर्द १६५६ ते १६७२. अफजलखानाची १६५९ ची स्वारी निघाली ती याच्या नावाने, बडी बेगम कारभार बघत असताना. गोल घुमटाला मागे टाकेल अशी कबर त्याला बांधायची होती. काळ्या दगडाच्या कमानी उभ्या राहिल्या, वर छतही चढलं नाही. एकीकडून मुघल, दुसरीकडून महाराज. खजिना आणि मुलूख दोन्ही आटत गेले. अली गेल्यानंतर दोन वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या अपुऱ्या कमानींत उभं राहून हे आठवा. मला तरी आपल्या इतिहासाचा एवढा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्या परक्या इमारतीत दिसलेला नाही.

गडवाट

हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. ग्रुपवर टाकतो. साठ कबरींबद्दल काय? खानाने स्वारीवर निघण्याआधी आपल्या बायकांना मारलं, त्या कबरी म्हणे.

भीमाकाठ

शहराच्या पश्चिमेला, वस्तीबाहेर शेताच्या कडेला एका चौथऱ्यावर सारख्या मापाच्या कबरी ओळीने आहेत, स्त्रियांच्या आहेत. "ज्योतिषाने मरण सांगितलं म्हणून खानाने सगळ्यांना मारलं" ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दंतकथा म्हणून ऐका. जागा बघाच, पण गाईड रंगवून सांगतो तेव्हा त्याला एवढंच विचारा: इथे लेख कोरलेला आहे का? हा प्रश्न मी विजापुरात सगळीकडे विचारतो. रोज्यावर लेख आहे, तोफेवर आहे, उपळी बुरुजावर १५८४ चा आहे, तिथलं बोलणं पक्कं. बारा कमानीची सावली घुमटावर पडू नये म्हणून काम थांबवलं, तोफ डागून गोलंदाज पाण्याच्या टाकीत उडी मारायचा, या ऐकायच्या गोष्टी. दोन्ही ऐकाव्यात, फक्त वेगळ्या खिशात ठेवाव्यात. खान स्वतः तिथे नाही, तो प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे.

मुलींना तिथे न्यायचं की नाही ते कोरांटीताईंनी ठरवावं. तेरा वर्षांच्या मुलीशी यावर बोलता येतं असं मला वाटतं. धाकटीला नको.

जलरेखा

सगळे इमारतींवर बोलतायत, पाण्याबद्दल कोणीच नाही! विजापूर हे कोरड्या पठारावरचं शहर. जवळ मोठी नदी नाही. भीमा उत्तरेला लांब, कृष्णा दक्षिणेला लांब. मग दहा किलोमीटर घेराच्या तटाआत एवढी वस्ती जगली कशी?

तोरवीकडून जमिनीखालच्या बोगद्याने पाणी आणलं होतं. ठरावीक अंतरावर वर उघडणारी उसासे म्हणजे विहिरीसारखी तोंडं आहेत, त्यांतून बोगद्याची साफसफाई होत असे. दक्षिणेला १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला आणि तिथून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी शहरात घेतलं. वाटेत दगडी जलमनोरे आहेत, इकडे त्यांना गंज म्हणतात. नळातलं पाणी मनोऱ्यात वर चढतं, दाब मोडतो, गाळ खाली बसतो, आणि पाणी पुढच्या नळात जातं. शहरात फिरताना रस्त्याच्या कडेला मधेच एखादा एकटा चौकोनी मनोरा दिसला तर तो पडक्या वाड्याचा भाग समजून पुढे जाऊ नका.

ताज बावडी तर पाहाच. १६२० ची, मलिक संदलचीच, रोजा करणाऱ्याची. शिरतानाच भली रुंद कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी मनोरे, आणि खाली चौकोनी पाणी. ती कित्येक वर्षं कचऱ्याने भरलेली होती, नंतर गाळ उपसून साफ झाली. चांद बावडी तिच्याआधीची, १५७९ ची, पहिल्या अलीने चांदबिबीच्या नावाने बांधलेली. दोन्ही एकाच सकाळी पाहा, चाळीस वर्षांत बावडी बांधणाऱ्यांचा हात किती मोकळा झाला ते समोरासमोर दिसतं.

मंद्रसप्तक

जलरेखा, गंज माझ्याकडून कायम दुर्लक्षित राहिले. पुढच्या वेळी तेच शोधत फिरेन.

ओढ्याकाठी

काही व्यवहाराच्या गोष्टी. शुक्रवारी जाऊ नका: गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं, आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते, तेव्हा आत फिरणं योग्यही नाही. मशीद वापरात आहे. अंगभर कपडे, डोक्यावर ओढणी, पादत्राणं बाहेर. फरशी दुपारी तापते, मोजे असू द्या. गोल घुमट पूर्वेला, स्थानकाजवळ. रोजा पार पश्चिमेला. मधे सगळं शहर. दिवसभराची रिक्षा ठरवली तर ज्येष्ठांना सोपं जातं. आम्ही मार्चमधे गेलो होतो आणि दुपारी बारानंतर काही पाहणं शक्य नव्हतं. डिसेंबर उत्तम.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. चुनावीट यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांचं म्हणणं, त्यांना मेहतर महाल पाहायचाय, कुठेतरी फोटो पाहिलाय. त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आणि बारा कमानीला सकाळी जावं की संध्याकाळी?

चुनावीट

सासूबाईंना नमस्कार सांगा. मेहतर महाल म्हणजे खरं तर एका छोट्या मशिदीचं प्रवेशद्वार, १६२० च्या आसपासचं. अरुंद, उंच, दोन सडपातळ मनोरे. बाहेर आलेला सज्जा आणि त्याला खालून पेलणारे तिरपे दगडी आधार पाहायला सांगा. सुतार लाकडात करेल ते काम पाथरवटाने दगडात केलंय: पातळ पट्ट्या, त्यावर हंस, वेली. हे सगळं रस्त्यावरूनच दिसतं, चढावं लागत नाही. गल्ली अरुंद आहे, समोरच्या बाजूला खुर्ची मिळाली तर तिथे बसून मान वर करून पाहता येईल. दुर्बीण असेल तर घ्या.

भीमाकाठ

बारा कमानीला संध्याकाळी, पाचच्या सुमारास. चौथरा उंच आहे, पण सासूबाईंना खालच्या बागेतूनही कमानी पूर्ण दिसतील. दिवस ठरले की इथे लिहा, डिसेंबरात तिथल्या बागेच्या वेळा काय आहेत ते विचारून कळवतो.